मेणबंद बुधली

बूच निघताना फारसा आवाजही झाला नाही. पण वास आला, आणि महमूदचा हात जागच्या जागी थिजला. दुपारची वेळ होती. खाली भिवंडीतल्या कामतघरच्या गल्लीत माग नेहमीसारखे खडखडत होते, त्यांच्या हादऱ्याने टेबलावरचा पाण्याचा पेला बारीक थरथरत होता, आणि त्या पेल्याशेजारी पंजात मावेल एवढी तपकिरी बुधली उघडी पडली होती. लहानू भंगारवाल्याने ती सकाळी दारावर आणून दिली होती. "भरलेली हाय शेठ, हलवून बघा," असं म्हणत त्याने ती कानाशी धरून हलवली होती, आणि आत खरंच काहीतरी डुचमळलं होतं. अशा बुधल्या महमूदकडे पुष्कळ होत्या, पण सगळ्या रिकाम्या. बुचावरची लाख शाबूत असलेली, पोटावर पिवळ्या कागदाचा तुकडा चिकटून राहिलेली अशी ही पहिलीच. जेवण झाल्यावर त्याने चाकूच्या टोकाने लाख खरवडली, बूच हळूहळू फिरवत काढलं. त्याला अपेक्षा होती कापराची, लवंगेची, फार तर एखाद्या कडू काढ्याची. आला तो वास गोड होता, दाट होता, संत्र्याच्या सालीसारखा. आणि त्या गोडाखालून नाकात चढणारं असं काही होतं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दारू, असं तो मनाशी म्हणायच्या आधीच त्याच्या अंगावर काटा आला होता. कारण हा वास त्याच्या ओळखीचा होता.

हा वास बाबांच्या तोंडाचा होता. बाबा परदेशी जहाजांवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. वर्षा-दीड वर्षाने एकदा घरी यायचे. पुढे हमालाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे बाबा. दारातच वाकून ते महमूदला जवळ घ्यायचे, दाढी टोचायची, आणि हा गोड, तिखट श्वास त्याच्या कपाळावर यायचा. "बाबांना कसला वास येतो?" असं त्याने एकदा अम्माला विचारलं होतं. अम्मा मासे साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "दर्याचा." महमूदने ते खरं मानलं, आणि शाळेतल्या पोरांना छातीठोकपणे सांगितलं की दर्याचा वास गोड असतो. पुढे वयात आल्यावर कशेळीच्या खाडीवर उभं राहून त्याने नाक वर केलं तेव्हा चिखल आणि सुक्या मासळीशिवाय काही आलं नाही. तरी हार मानायची नाही म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली, की खोल पाण्याचा वास वेगळा असणार. माणूस आपल्या बापाबद्दल किती वर्षं बावळट राहू शकतो याला काही सुमार नाही. आता वय पन्नाशीकडे झुकलं होतं, घरचे आठ माग होते, पोरीचं लग्न झालं होतं, आणि दर्याचा वास समोर टेबलावर पंजाएवढ्या बुधलीत बसला होता.

त्याने घाईघाईने बूच परत बसवलं आणि भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे त्या सगळ्या रांगेने उभ्या होत्या. जाड, पक्क्या भाजलेल्या मातीच्या. कुणी मधासारखी, कुणी काळपट, कुणी राखाडी आणि वर निळं फूल. प्रत्येकीला एक लहानसा कान, एवढा लहान की त्यात अम्माच्या करंगळीचं टोकच जाईल. तळाशी कुठल्या कुठल्या विलायती कारखान्यांचे ठसे. गोदीत मोडीत निघालेल्या जहाजांच्या सामानातून, जुन्या बंगल्यांच्या अडगळीतून, मुंबईच्या चोरबाजारातून त्याने वीस वर्षं त्या जमवल्या होत्या. अतिया, त्याची बायको, त्यांना 'तुमची भातुकली' म्हणायची. दुसऱ्या शेठ लोकांना गाड्यांचा नाद, कबुतरांचा नाद. याचा नाद तेवढा धूळ पुसण्यापुरता, म्हणून ती खूश होती. पाहुणे आले की महमूद एकेक बुधली तळहातावर घेऊन दाखवायचा. "विलायती दवेच्या बुधल्या," तो सांगायचा. "त्या काळी पोटदुखीची दवा यातून यायची." मशिदीच्या कमिटीतले लोक, शाळेचे मास्तर, पोरीचा सासरा, सगळ्यांनी त्या हातात घेऊन वाखाणल्या होत्या. एकाने तर एक मागून नेली होती, आणि त्यात तो अत्तर ठेवायचा. हे आठवलं आणि महमूदला आधी कानांत गरम वाटलं. पण ती नुसती लाज होती, तिला तो घाबरला नसता. भीती त्या लाजेच्या मागून आली, दबकत. अम्माची बुधली.

हा सगळा नाद तिथूनच तर लागला होता. बाबांनी शेवटच्या खेपेला पेटीतून एक बुधली काढून अम्माच्या हातात दिली होती. तपकिरी, कानाचा टवका उडालेली. "रिकामी हाय, दवेची होती. ठेव तुला, तेलाबिलाला," असं ते म्हणाले होते. त्यानंतर ते गेले ते परत आले नाहीत. एडनच्या पुढे कुठेतरी ताप डोक्यात जाऊन ते वारले, आणि जहाजाच्या लोकांनी त्यांना पाण्यात सोडलं. कबर नाही, माती नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी अम्माचा भाऊ हजहून आला, जस्ताच्या डब्यातून मक्केच्या विहिरीचं पवित्र पाणी, जमजम, घेऊन. त्यातलं अम्माने या बुधलीत भरलं, वर मेणबत्ती वितळवून मेणाने तोंड बंद केलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, आणि ट्रंकेत आपल्या कफनाच्या घडीवर ठेवून दिलं. शेवटच्या घटकेला ते पाणी तोंडात घालायचं, हे काम थोरल्या मुलाचं. महमूद पंधरा-सोळा वर्षांचा असेल तेव्हा तिने त्याला ट्रंकेपाशी बसवून हे सांगितलं होतं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, दंगलीत, एका दुपारी शहरातले सगळे माग एकदम गप्प झाले, आणि पाठोपाठ धूर दिसू लागला, तेव्हा घरातले सगळे नेसत्या कपड्यानिशी कोन गावी ओळखीच्यांकडे पळाले. अतियाने दागिने घेतले, महमूदने मागांचे कागद घेतले, आणि अम्माने कफन आणि बुधली घेतली. टेम्पोत ती दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली होती. त्या दिवसापासून माग बंद पडले की भिवंडीतला कुणीही आधी धूर दिसतो का ते पाहतो, मग ते नुसती वीज गेल्याने का बंद पडलेले असेनात. महमूद तर शुक्रवारच्या सुट्टीलाही बेचैन व्हायचा.

आता अम्मा, जुबैदाबी, मागच्या खोलीत पडून होती. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत पाणी. डॉक्टरने बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं ते सांगितलं होतं. म्हणजे वेळ जवळ आली होती. आणि महमूदने आपल्या हाताने, सगळ्या नातेवाइकांसमोर, कलमा म्हणत, दारूच्या बुधलीतलं पाणी तिच्या तोंडात घालायचं होतं. हे त्याने मनातल्या मनात एकदा पाहिलं, आणि मग ते त्याला पुन्हा पुन्हा दिसायला लागलं: जेवताना, कारखान्यात सूत तपासताना, दाढी करताना. त्याच्या डोळ्यांसमोर अम्माचे ओठ यायचे, बुधली वाकडी व्हायची, आणि पाण्याऐवजी तो वास बाहेर यायचा. लहानूच्या बुधलीतली दारू त्याने त्याच दुपारी मोरीत ओतून वर दोन बादल्या पाणी मारलं होतं. बुधलीला मात्र पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही. फडक्याने चिमटीत धरून, न धुता, बूच लावून तशीच ती त्याने कपाटाच्या मागच्या रांगेत सरकवून दिली. अतिया वर आली, तिने नाक आक्रसलं. "कसला ओ वास?" "पॉलिशचा," महमूद म्हणाला. आईने दर्याचा म्हणून खपवला होता, मुलाने पॉलिशचा. घराण्याची रीत राहिली.

शुक्रवारी नमाजानंतर तो मौलवीसाहेबांजवळ घुटमळला. मौलवीसाहेब उत्तरेकडचे, पण भिवंडीत केस पिकवलेले. मराठी बोलायला त्यांना आवडायचं. "एखादं भांडं असलं," महमूद म्हणाला, "म्हणजे एकाने विचारलंय. आधी त्यात काही नापाक ठेवलेलं असलं, आणि मागनं त्यात पाक चीज भरली..." मौलवीसाहेब चपला शोधत होते. "धो लिया तो पाक हो गया, महमूदभाई. नीट धुतलं ना, मग काही हरकत नाही." "आणि धुतलं का न्हाय ते ठाऊक नसलं तर?" "तर ज्याने भरलं त्याला विचारायचं," मौलवीसाहेब म्हणाले, आणि चपला सापडल्यामुळे हसले. एवढं सोपं होतं ते. घरी जायचं, अम्माच्या उशाशी बसायचं आणि विचारायचं: तू ती धुतली होतीस का? पण मग ती विचारणार, का? आणि त्या 'का'च्या मागे बाबा उभे होते, दारात, वाकलेले, दाढी टोचणारे. नवरा दर्यात गेला एवढं दुःख तिने उभ्या जन्मात गिळलं. आता जाता जाता तिला सांगायचं की तो पिणारा होता, आणि ज्या पाण्यावर तू तीस वर्षं भरवसा ठेवलास ते त्याच्या बाटलीत आहे? महमूद दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा मागे फिरला. ती आतून म्हणायची, "कोन हाय?" तो म्हणायचा, "कोनी न्हाय, अम्मा."

भ्यालेला माणूस काहीच करत नाही तोवर बरं असतं. महमूदने केलं. एका सकाळी अतिया बाजारात गेली होती, अम्माला डोळा लागला होता. त्याने ट्रंक उघडली. कफनाच्या कपड्याला कापूर आणि जुनेपणा यांचा थंड वास येत होता. पांढरी गाठ सोडली, मेण नखाने सोललं. बूच काढून त्याने नाक जवळ नेलं. आत वास होता की नव्हता? हे त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नसतं. त्याला वाटलं, आहे. अगदी पुसट, पाण्याच्या तळाशी, गोड. पाणी सांडू नये म्हणून तो जमिनीवर बसला. नवी काचेची कुपी त्याने आणून ठेवली होती, तीनदा धुतलेली. त्यात त्याने थेंबही वाया न घालवता जमजम ओतलं, कुपीवर मेण लावलं, तोच पांढरा कपडा गुंडाळला, कफनावर ठेवली. आणि रिकामी बुधली रुमालात बांधून तो कारखान्यात ठाण्याला काम आहे असं सांगून रिक्षात बसला. कशेळीच्या पुलावर रिक्षा थांबवायला लावली. रिक्षावाल्याला वाटलं, शेठला उलटी होतेय. भरती होती, पाणी पुलाखालून गढूळ आणि फुगलेलं चाललं होतं. कपाटातल्या साऱ्या बुधल्या जिच्यापोटी जमल्या ती बुधली त्याने कठड्यावरून सोडून दिली. पाण्यात पडल्याचा आवाज ट्रकच्या आवाजात ऐकूही आला नाही. तो परत रिक्षात बसला तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. कारण सगळं पाक झालं होतं, पाणीही, भांडंही. उलट त्याला आठवलं की लोकांनी बाबांनाही असंच सोडलं होतं, आणि रस्ताभर त्याला रुमालाकडे बघवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी अम्माने त्याला बोलावलं. सुट्टीमुळे माग बंद होते. दुपारी गल्ली एवढी गप्प होती की तिच्या छातीतली घरघर दारातून ऐकू येत होती. अतिया तिच्या पायांना तेल लावत बसली होती. "महमूद, तू हायस ना?" "हाय, अम्मा." "तुझ्या बापाची बुधली दे जरा माझ्या हातात." महमूद ट्रंकेकडे न बघता म्हणाला, "आत्ता कशाला? मेणबंद हाय ती. वेळ आली की..." "वेळ आल्यावर मला समजायचं न्हाय. आत्ता दे." अतियानेच हात पुसले, ट्रंक उघडली आणि कपड्यातली गाठ आणून तिच्या हातात ठेवली. अम्माची बोटं कपड्यावरून फिरली. मग कपडा सोडून आत गेली. कान शोधत ती कुपीच्या एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली, आणि थांबली.

"ही काच हाय," अम्मा म्हणाली.

अतियाने महमूदकडे पाहिलं. तो म्हणाला, "चुकून दुसरी आली, अम्मा. कपाटात ठेवली असंल. आणतो." तो वर गेला. कपाट उघडून उभा राहिला. ती यात नाही हे त्याच्याइतकं नक्की कुणाला माहीत होतं? तरी त्याने सूप घेतलं आणि बुधल्या एकेक करून त्यात भरल्या, पुढच्या, मागच्या, सगळ्या. खाली आणून तो तिच्या खाटेशी जमिनीवर बसला आणि पहिली तिच्या हातात दिली. अम्माचा अंगठा कानावर गेला. टवका शोधला. "ही न्हाय." त्याने दुसरी दिली. "ही न्हाय." तिसरी. ती घाई करत नव्हती. एकेक बुधली हातात घ्यायची, तिच्या पोटावरून बोटं फिरवायची, अंगठ्याने कान चाचपायची आणि परत द्यायची. आणि महमूद प्रत्येक वेळी, जणू यात असेलच अशा हाताने, पुढची पुढे करायचा. सूप रिकामं होत चाललं होतं, आणि ते संपल्यावर काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं. मध्येच ती बोलायला लागली, बुधलीवरचा अंगठा न थांबवता.

"तुझा बाप पीत व्हता, महमूद. तुला ठाऊक हाय का न्हाय कोन जाने." अतियाचे हात तेलाच्या वाटीवर थांबले. "दवेची हाय म्हनला. मी काय नाक कापून ठेवलं व्हतं? ही न्हाय. राखेनं घासली, चुन्यानं घासली. आठ दिस उन्हात ठेवली तवा वास गेला. मग त्यात मामानं आनलेलं पानी भरलं. तुझी आजी म्हनली, नवी कुपी घे, ही कशाला. ही पन न्हाय. मी म्हटलं, हीच. तो पान्यात गेला. मरताना कोनी त्याच्या तोंडात थेंब घातला न्हाय. त्याचं तोंड लागलेली एवढीच चीज माझ्याकडं रायली. म्हटलं, माझ्या तोंडात यातनं पडंल, तवा थोडं त्याला बी पोचंल." तिला धाप लागली. "दे पुढची."

महमूदला पुढची देता येईना. त्याच्या डोळ्यांसमोर पुलाखालचं फुगलेलं पाणी होतं. पाक करतो म्हणून त्याने आपल्या बापाला दुसऱ्यांदा बुडवलं होतं, आणि हे आता तिला सांगायचं तर सांगायचं कसं? भीती एवढी जवळ आली होती की ती त्याच्याच अंगाची वाटत होती, ताप असतो तशी. सुपात शेवटची एक राहिली होती. त्याने ती तिच्या हातावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

अम्माचा अंगठा कानावर गेला. कान धड होता, कुठेही टवका नव्हता. ती 'ही न्हाय' म्हणाली नाही. तिने बूच चाचपलं, कापऱ्या बोटांनी ओढून काढलं आणि बुधली नाकाशी नेली. महमूदने डोळे उघडले. ती लहानूची बुधली होती.

"हीच," अम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कुठेही फसलेल्या माणसाची खूण नव्हती. "त्याचाच वास हाय." बुधली तिने महमूदच्या दिशेने पुढे केली. "पन ही धुतलेली न्हाय. जा, राखेनं घास. चांगली घास. मग पानी भर."

"अम्मा," महमूद म्हणाला, "ती आपली..."

"घास म्हटलं ना."

मोरीत भांड्यांसाठी राखेचा डबा असायचाच. महमूद बाही वर सारून पाटावर बसला. कारखान्यातल्या कुणी शेठला असं बसलेलं पाहिलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं. बुधलीच्या तोंडात बोट जाईना, म्हणून त्याने काडीला चिंधी गुंडाळली, राख आत घातली आणि घासायला लागला. धुतली, नाकाशी नेली. वास होता. पुन्हा राख, पुन्हा पाणी. वास होता, आणि प्रत्येक वेळी दारात कुणीतरी वाकत होतं. आठ दिवस लागतात, अम्मा म्हणाली होती. आतून तिची घरघर येत होती. एक श्वास, मग मध्ये रिकामं, मग दुसरा. त्या रिकाम्यात महमूदचा हात थांबायचा आणि तो कान देऊन बसायचा, माग बंद पडल्यावर बसतात तसा. आठ दिवस कुठून आणायचे? श्वास आला की तो पुन्हा घासायचा.

"गेला का रे वास?" आतून अम्माने विचारलं.

गेला, म्हणणं सोपं होतं. पाणी भरायचं, मेण लावायचं, मोकळं व्हायचं. महमूदने बुधली पुन्हा एकदा नाकाशी धरली.

"न्हाय, अम्मा," तो म्हणाला. "अजून हाय."

"मग घास," अम्मा म्हणाली. "मला घाई न्हाय."